उचकी : कोण आठवण काढतंय?

दिवाळी आली की फराळ आला, फराळ आला की गप्पा आल्या, आणि गप्पांच्या नादात चिवड्याचे बकाणे भरले की उचकी ही आलीच! ज्याला ती लागते तो बिचारा डोळ्यांत पाणी आणून पेला शोधू लागतो, आणि भोवतालची मंडळी मात्र हसत हसत विचारतात, "काय हो, कोण आठवण काढतंय?" नुकतेच लग्न झालेली मुलगी असली तर मग विचारायलाच नको. तिला एकेक नाव घ्यायला लावतात, आणि ज्या नावाला उचकी थांबेल त्याच्यावर आठवणीचा आळ येतो. या समजुतीला शास्त्राचा आधार नाही, हे खरे. पण घोटभर पाणी, दोन मिनिटांचा हशा आणि एखादे गोड नाव एवढ्यावर जी तक्रार बरी होते, तिच्यासाठी कुणीही डॉक्टरची फी भरू नये, अशाच मताचा मी आहे.

मग ऐन दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे आपण विचाराल. कारण असे की, उचकीची आणखी एक जात आहे. माझ्या दवाखान्याच्या बाकावर ती वर्षाकाठी दोन-चारदा तरी येऊन बसते. ही उचकी दोन मिनिटांत थांबत नाही. ती आज लागते, उद्याही राहते आणि परवाही राहते. ती धड जेवू देत नाही, धड झोपू देत नाही, बोलताना शब्दाचे दोन तुकडे करते. घरची माणसे मात्र पहिल्या उचकीला जो न्याय लावतात तोच हिलाही लावतात. "थांबेल हो, आणखी थोडं पाणी प्या," असे म्हणत चार चार दिवस काढतात. हिला हसण्यावारी नेणे धोक्याचे आहे. आज हिच्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहे.

उचकी लागते म्हणजे काय होते?

आपली छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक घुमटाकार पडदा आहे. त्याला श्वासपटल म्हणतात. हा पडदा खाली ओढला गेला की छातीत जागा होते आणि हवा आत येते. तो सैल पडला की हवा बाहेर जाते. जन्मल्यापासून शेवटच्या श्वासापर्यंत हा गडी रात्रंदिवस राबत असतो, आणि आपल्याला त्याचे अस्तित्वही जाणवत नाही.

एखादे वेळी मात्र या पडद्याला अचानक झटका बसतो. त्याच्याबरोबर बरगड्यांमधले स्नायूही आखडतात आणि हवा जोराने आत शिरू लागते. पण हवा पुरती आत येण्यापूर्वीच, म्हणजे झटका सुरू झाल्यापासून सुमारे ३५ मिलिसेकंदांत, घशातील स्वरयंत्राचे दार खाडकन मिटते. दार आपटल्याचा तो आवाज म्हणजेच आपली 'उच्‌क'! मिनिटाला चार-पाच उचक्यांपासून साठ उचक्यांपर्यंत कोणताही वेग असू शकतो.

गंमत अशी की, हा खेळ आपण आईच्या पोटात असतानाच शिकतो. गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांत सोनोग्राफी करताना बाळाच्या उचक्या दिसू शकतात, आणि दिवस भरत आले की आईला पोटात ठरावीक ठेक्यावर बारीक धक्के जाणवतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा तर दिवसाचा सुमारे शंभरावा भाग, म्हणजे जवळजवळ पाव तास, उचक्यांत जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१९ साली १३ नवजात बाळांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी तपासल्या. प्रत्येक उचकीसरशी मेंदूत लहरी उठत होत्या. श्वासाचे स्नायू कसे चालवायचे याचा धडा मेंदू त्यातून गिरवीत असावा, असा त्यांचा तर्क आहे. तेव्हा तान्ह्या बाळाला उचकी लागली म्हणून तरुण आयांनी घाबरू नये. बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावी आणि स्वस्थ बसावे. आजीने बाळाच्या कपाळाला ओला दोरा चिकटवला तर चिकटवू द्यावा. त्याने बाळाचे काही बिघडत नाही आणि आजीचेही समाधान होते. मध मात्र चाटवू नका. एक वर्षाच्या आतील मुलाला मध देणे धोक्याचे असते.

घंटा एकीकडे, बटण दुसरीकडे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. श्वासपटलाला झटका का बसतो?

आपल्या दारावर विजेची घंटा असते. बटण दाराबाहेर, घंटा आत भिंतीवर, आणि दोहोंमध्ये तार. घंटा वाजली की आपण घंटेकडे पाहत नाही, दार उघडून कोण आले आहे ते पाहतो. उचकीचेही तसेच आहे. श्वासपटल आणि घसा ही झाली घंटा. तिची तार मात्र फार लांबवर फिरलेली आहे. श्वासपटलाला हुकूम पोचवणारा मज्जातंतू मानेतून निघतो आणि हृदयाच्या बाजूने छातीतून खाली उतरतो. दुसरा एक मज्जातंतू आहे, त्याचे नाव व्हेगस. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ 'भटका' असा होतो, आणि हे महाशय खरोखरच भटके आहेत! मेंदूच्या देठापासून निघून ते कानाला एक फाटा देतात, घशातून जातात, हृदय आणि फुप्फुसे यांची चौकशी करतात, अन्ननलिकेच्या अंगाने खाली उतरून जठर आणि आतडी यांच्यापर्यंत पोचतात. या सगळ्या तारा मेंदूचा देठ आणि मानेतील मज्जारज्जूचा वरचा भाग येथे एकत्र येतात.

एवढ्या लांबलचक तारेवर कोठेही कुणी बोट ठेवले की घंटा वाजते. भराभर खाल्ले, सोडावॉटरची बाटली एका दमात संपवली, गरमागरम भजी खाऊन लगेच बर्फाचे पाणी प्यायले, मद्य घेतले, फार हसले किंवा मन फार क्षुब्ध झाले की जठर फुगते अथवा मज्जातंतू चाळवतात आणि उचकी लागते. हे बोट घटकाभराचे असते. ते निघाले की घंटा थांबते.

परंतु एखादे वेळी बटण दाबलेलेच राहते. जठरातील आम्ल वर येऊन अन्ननलिका जळत असेल, यकृतात गळू होऊन ते वरच्या श्वासपटलाला डिवचत असेल, फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असेल, मानेत गाठ वाढत असेल, मूत्रपिंडे थकून रक्तात विषारी द्रव्ये साचली असतील, रक्तातील सोडियम उतरले असेल किंवा मेंदूच्या देठाशी रक्तपुरवठा तुटला असेल, तर उचकी लागून राहू शकते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ती लागते. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइड औषधांनीही लागते. कधी कधी कारण इतके क्षुल्लक निघते की हसू यावे. कानातला एखादा केस वाढून पडद्याला टेकला आणि तेवढ्याने उचकी लागून राहिली, तो केस चिमट्याने काढताच ती थांबली, अशी उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. २०२० साली करोनाच्या साथीत तर दिवसेंदिवस न थांबणारी उचकी हीच मुख्य तक्रार घेऊन आलेले रोगीही डॉक्टरांनी नोंदवून ठेवले.

म्हणून आम्ही डॉक्टर लोक घड्याळाकडे पाहतो. ४८ तासांच्या आत थांबली तर ती साधी उचकी. ४८ तासांच्या वर गेली की ती 'टिकून राहिलेली', आणि महिन्याच्या वर गेली की 'हट्टी'. ४८ तास हा आकडा घरातल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवण्यासारखा आहे.

जुन्या जाणत्यांची नजर

हे शहाणपण आजचे नव्हे. आपल्या आयुर्वेदाने उचकीला 'हिक्का' हे नाव देऊन तिचे पाच प्रकार केले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतरावा अध्याय हिक्का आणि श्वास या दोन विकारांसाठीच आहे. प्राण घेणारे रोग पुष्कळ आहेत, पण हे दोन जितक्या त्वरेने घेतात तितक्या त्वरेने दुसरे घेत नाहीत, असा इशारा तेथे दिला आहे. सुश्रुताने घाईघाईने खाण्यापिण्यातून येणारी ती 'अन्नजा' म्हणून वेगळी काढली, आणि 'गंभीरा' व 'महती' या दोन प्रकारांविषयी वैद्याला सावध केले. म्हणजे फराळाची उचकी निराळी आणि रोगाची उचकी निराळी, हा भेद आपल्याकडे फार पूर्वीच झालेला आहे. एवढेच नव्हे, तर "लोणच्याची बरणी तूच फोडलीस ना?" असे ओरडून मुलाला दचकवण्याचा जो घरगुती उपाय आपण करतो, त्यालाही आधार आहे बरे का! श्वास रोखणे आणि रोग्याला दचकवणे हे दोन्ही उपाय सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आलेले आहेत.

तिकडे ग्रीस देशातही हीच तऱ्हा. प्लेटोचा 'सिंपोझियम' नावाचा संवाद सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा. त्यात मेजवानीनंतर एकेकजण प्रेमावर भाषण करीत असतो. नाटककार ॲरिस्टोफेनिसची पाळी येते आणि नेमकी त्याला उचकी लागते! शेजारी बसलेला वैद्य एरिक्सिमाकस त्याला सांगतो, श्वास रोखून धर. नाही थांबली तर पाण्याच्या गुळण्या कर. तरीही नाही थांबली तर नाकात काहीतरी घालून शिंक काढ. अखेर शिंकेने काम होते. आजही आपण याहून फारसे वेगळे काही करीत नाही.

हट्टी उचकीने लहानथोर कुणालाही सोडलेले नाही. रोमचे पोप बारावे पायस यांना १९५४ साली जठराच्या दुखण्यात उचक्यांनी बेजार केले होते. ब्राझीलचे त्या वेळचे अध्यक्ष बोल्सोनारो यांना २०२१ च्या जुलैत दहा दिवस उचकी थांबेना, म्हणून रुग्णालयात नेले, तेव्हा आतड्यात अडथळा निघाला. २०१८ साली त्यांच्या पोटात सुरा खुपसला गेला होता आणि त्यानंतर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. घंटा घशात वाजत होती. बटण होते आतड्यात.

आणि विक्रम म्हणाल तर अमेरिकेतील आयोवा राज्याच्या चार्ल्स ऑस्बॉर्न यांचा! १९२२ साली एका डुकराचे वजन करताना त्यांना उचकी लागली, ती १९९० साली थांबली. तब्बल ६८ वर्षे! सुरुवातीला मिनिटाला चाळीस, पुढे वीस. एवढ्या अवधीत त्यांनी संसार केला, त्यांना आठ मुले झाली. उचकी थांबल्यानंतर जेमतेम वर्षभराने, १९९१ साली, ते वारले. पण हा अपवाद. सामान्य माणसाची पंधरा दिवसांची हट्टी उचकीसुद्धा त्याचे वजन उतरवते, झोप उडवते आणि ताज्या शस्त्रक्रियेचे टाके ताणते.

दोन घरांतल्या गोष्टी

आता माझ्या अनुभवातील दोन गोष्टी सांगतो.

दादरच्या एका जुन्या चाळीतील एक आजी. वय बहात्तर. तीन दिवस उचकी थांबेना. घरच्यांनी पाणी दिले, साखर दिली, वेलदोडा दिला, मोरपिसाची राख मधातून चाटवली. आजींनी स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता. पाच वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर त्यांचे यजमान गेले होते. "ह्यांनीच आठवण काढली आहे. आता मला अडवू नका," असे म्हणून त्यांनी उशाशी तुळशीचे पान आणि गंगाजलाची गडवी ठेवून घेतली होती. मुलगा रडवेला झाला होता. सून मात्र खंबीर. ती मला म्हणाली, "डॉक्टर, मामंजींनी बोलावलं असेल तर आई जातीलच. पण त्याआधी तुम्ही एकदा बघून घ्या."

मी नाडी पाहिली, पोट पाहिले. पायांवर सूज होती. लघवीची चौकशी केली, तेव्हा ती दोन दिवसांपासून फारच थोडी होत असल्याचे कळले. "औषधं काय काय चालू आहेत?" असे विचारल्यावर आजींनी उशाखालून एक पाकीट काढले. गुडघे दुखतात म्हणून औषधांच्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, रोज दोन, गेले दोन महिने! रक्त तपासले तर युरिया आणि क्रिअॅटिनिन भलतेच चढलेले. मूत्रपिंडे थकली होती, रक्तात घाण साचली होती, आणि तीच घाण घंटेचे बटण दाबून बसली होती.

आजींना रुग्णालयात हलवले. गुडघ्यांच्या गोळ्या बंद झाल्या, मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांनी उपचार सुरू केले. सुदैवाने डायलिसिसची वेळ आली नाही. लघवी वाढली, युरिया उतरू लागला आणि पाचव्या दिवशी उचकी आपोआप थांबली. उचकीवर म्हणून एकही गोळी द्यावी लागली नाही.

या गोष्टीत आणखी एक धडा आहे. शेजारच्या एका गृहस्थांना पूर्वी उचकीवर बॅक्लोफेन नावाची गोळी मिळाली होती. त्यांनी मोठ्या आस्थेने उरलेल्या गोळ्या आजींसाठी आणून दिल्या होत्या. सुनेने त्या दिल्या नाहीत, मला दाखवल्या. गोळी वाईट नव्हे, आम्हीही ती देतो. पण ती शरीराबाहेर जाते मुख्यतः मूत्रपिंडांच्या वाटेने. मूत्रपिंडे थकलेल्या माणसाच्या अंगात ती साचते, आणि थोड्याशा मात्रेनेही माणूस गुंगीत जाऊ शकतो, बेशुद्धही होऊ शकतो. त्या घरी तसे झाले असते, तर सर्वांनी यजमानांच्या बोलावण्यावरच विश्वास ठेवला असता!

दुसरी गोष्ट एका निवृत्त कारकुनांची. पंधरा वर्षांचा मधुमेह. भाऊबीजेच्या दिवशी उचकी लागली, दुसऱ्या दिवशीही राहिली. "बहिणीकडच्या करंज्या बाधल्या," असे त्यांचे म्हणणे. छातीत दुखत नव्हते. पण अंगाला दरदरून घाम सुटला होता आणि अगदी गळून गेल्यासारखे वाटत होते. कार्डिओग्राम काढला तर हृदयाच्या खालच्या भागाला झटका! हृदयाचा हा भाग श्वासपटलाला टेकलेला असतो, म्हणून त्याचे दुखणे कधी कधी उचकीच्या रूपाने बोलते. आणि मधुमेही माणसाला छातीत दुखेलच असे नसते. ते गृहस्थ वेळेवर रुग्णालयात पोचले आणि वाचले. असे क्वचितच घडते, हे आवर्जून सांगतो. उचकी लागली की हृदयविकार झाला, असे कुणी मनात आणू नये. पण उचकीबरोबर घाम, धाप, छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, यांपैकी काही असेल तर ४८ तास मोजत बसू नये, एवढेच यातून घ्यावे.

घरी काय करावे, काय करू नये

साधी उचकी लागली तर पुढीलपैकी काहीही करून पाहावे. थंड पाणी न थांबता लहान लहान घोटांनी प्यावे. दीर्घ श्वास घेऊन दहा ते वीस सेकंद रोखून धरावा. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि श्वासपटल ताळ्यावर येते. खुर्चीत बसून गुडघे छातीशी घ्यावेत. गुळण्या कराव्यात. चमचाभर कोरडी साखर जिभेवर घेऊन गिळावी. या साखरेला तुम्ही आजीबाईचा बटवा म्हणाल. पण अमेरिकेतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात १९७१ साली यावर लेख आला होता. २० रोग्यांना साखर दिली, त्यांपैकी १९ जणांची उचकी थांबली. त्यांत काहींची दिवसेंदिवस चाललेली होती. रोगी थोडे, शिवाय तुलनेला दुसरा गट नाही, म्हणून हा काही पक्का पुरावा नव्हे. पण उपाय स्वस्त आणि निरुपद्रवी आहे. घशाच्या मागच्या भागाला साखरेचे खरखरीत कण लागले की व्हेगस महाशय त्या कामात गुंततात आणि उचकीला विसरतात, अशी त्याची उपपत्ती सांगतात. अलीकडे जोर लावून पाणी ओढावे लागेल अशी एक खास नळीही अमेरिकेत निघाली आहे. तिचे तत्त्वही हेच.

आता काय करू नये ते ऐका. डोळ्यांची बुबुळे दाबू नयेत. हा जुना उपाय डोळ्यांना अपाय करतो. तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी तर कधीही लावू नये. कागदाच्या पिशवीत श्वास घेण्याचा प्रयोगही म्हाताऱ्या माणसांनी, हृदयाच्या आणि दम्याच्या रोग्यांनी करू नये. नाक-तोंड बंद करून जोर लावणे हृदयविकाराच्या माणसांनी टाळावे. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले यांना दचकवण्याचा खेळ करू नये. आणि उचकी चालू असताना घाईने घास भरवू नये. घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

डॉक्टर काय करतात?

टिकून राहिलेल्या उचकीचा रोगी आला की चांगला डॉक्टर प्रथम प्रश्न विचारतो. कधीपासून? कोणती औषधे चालू आहेत? घशाशी आंबट येते का? वजन उतरले का? घास अडकतो का? आणि एक प्रश्न घरच्यांना : झोपेतही उचकी चालू असते का? झोपेत ती पूर्ण थांबत असेल तर मनावरच्या ताणाचा संशय घेता येतो. झोपेतही चालू राहत असेल तर शरीरातील कारण अधिक कसून शोधावे लागते. या प्रश्नाचे उत्तर रोग्याला देता येत नाही. म्हणून घरच्यांनी रात्री लक्ष ठेवावे. मग कान, मान, छाती, पोट यांची तपासणी, रक्तातील मूत्रपिंडाचे आणि क्षारांचे आकडे, कार्डिओग्राम, छातीचा क्ष-किरण फोटो, पोटाची सोनोग्राफी आणि गरजेनुसार दुर्बिणीची तपासणी किंवा मेंदूचे एम्‌.आर्‌.आय्‌. प्रत्येकाला सगळेच लागते असे नाही.

कारण सापडले की उपाय त्या कारणावर. आम्लाचा त्रास असेल तर आम्ल कमी करणारी औषधे काही दिवस देऊन पाहतात. कारण सापडेपर्यंत किंवा ते सापडलेच नाही तर उचकी दाबणारी औषधे आहेत : बॅक्लोफेन, गॅबापेंटिन, मेटोक्लोप्रमाइड आणि क्लोरप्रोमाझिन. यांतील शेवटचे औषध फ्रान्समध्ये १९५० च्या सुमारास तयार झाले आणि मनोविकारांच्या उपचारांत त्याने मोठी क्रांती केली. उचकीवरही ते पुष्कळ वर्षांपासून वापरात आहे. म्हणून डॉक्टरांनी ते लिहून दिले आणि तुम्ही मोबाइलवर त्याचे नाव शोधलेत, तर "मला काय वेड लागलंय का?" असे म्हणून रागावू नका. त्याने झोप येते आणि रक्तदाब उतरतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांना ते जपून देतात. घेतल्यावर एकदम उठून उभे राहू नये. कशानेच भागले नाही तर श्वासपटलाच्या मज्जातंतूशी इंजेक्शन देऊन तो बधिर करता येतो. पण तेथवर जाण्याची पाळी फार थोड्यांवर येते.

ध्यानात ठेवा

पुढील ओळी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या तरी हरकत नाही.

उचकी ४८ तासांहून अधिक टिकली, किंवा त्याआधीच जेवण आणि झोप बंद झाली, तर डॉक्टरांना दाखवावे.

उचकीबरोबर चक्कर, तोल जाणे, बोलणे अडखळणे, घास गिळता न येणे, चेहऱ्याची एक बाजू बधिर वा वाकडी होणे, यांपैकी काहीही असेल तर तो मेंदूचा झटका असू शकतो. घाम, धाप, छातीत दुखणे असेल तर हृदय. दोन्ही वेळा घटकाभरही थांबू नये. सरळ मोठ्या रुग्णालयात जावे.

ताप, पोटफुगी, उलट्या, उलटीतून रक्त, लघवी कमी होणे, यांपैकी काही असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्याच दिवशी दाखवावे.

दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर न्याव्यात, उशाखालच्यासुद्धा! आणि शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यालाच परत कराव्यात.

घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या बाबतीत एक विनंती. "आता बोलावणं आलं" असे त्या म्हणाल्या की आपण गहिवरतो, पाया पडतो आणि हात जोडून बसतो. गहिवरावे, पायाही पडावे. पण रक्त आणि लघवी तपासून घ्यावी. पुष्कळ वेळा ते बोलावणे वरून आलेले नसते. यकृत, जठर नाहीतर मूत्रपिंड आतून दार वाजवीत असते, आणि वेळेवर दार उघडले तर पाहुणा समजूतदारपणे परत जातो.

बाकी यंदा फराळ सावकाश चावून खा, एका घासाला एकच गप्पा मारा, आणि दोन मिनिटांची उचकी लागलीच तर खुशाल नावे घेऊन पाहा. दीपावली आपणां सर्वांना आरोग्याची आणि सुखाची जावो!